दर्शनाला वर येणारे मासे

वरंधच्या रस्त्यावरून आत वळलं की जे पहिलं गाव लागतं, तिथल्या तळ्यातले मासे रोज सकाळी सहाला येसाजीला भेटायला वर येत. निदान येसाजीचं तसं म्हणणं होतं, आणि गावाला तेवढा पुरावा पुरत असे.

मासे शेकड्यांनी काठाशी जमत, तोंडं पाण्याबाहेर काढत आणि पुटपुटल्यासारखी हलवत. "नाव घेतायत," येसाजी सांगे. कोणाचं, ते नम्रपणे सांगत नसे. वाळण कोंडीच्या डोहातले देवीचे मासे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक; त्यांना कोणी धरत नाही. तेव्हा देवीने इकडेही शाखा उघडली असणार, हे गावाला लगेच पटलं. लोक पिशव्या भरभरून कुरमुरे आणू लागले.

मासे खरे तर अनुपमाने वाढवलेले. ती मत्स्यशास्त्राची पदवीधर, येसाजीच्या भावकीतली सून. तिच्या बचत गटाच्या नऊ बायकांनी बोटभर पिल्लं आणून दोन वर्षं त्यांना कोंडा आणि पेंड घातली होती. पहाटे पाणी उडवायला त्यांनी तळ्यात एरेटर बसवला होता. पाणी उडे, त्यात हवा मिसळे, मासे खाली सुखात असत आणि कोणाला दिसत नसत. तिथेच चुकलं. जे दिसत नाही, त्याची बाजू घ्यायला ग्रामसभेत फारसं कोणी उभं राहत नाही.

येसाजी मात्र उभा राहिला. तो मुंबईहून निवृत्त होऊन नुकताच आला होता. "देवाच्या पान्याला मिक्सर लावता? माशाला चक्कर येते, चक्कर!" बोलायला उठलेल्या अनुपमाला त्याने खाली बसवलं. सभेने एरेटर उचलला आणि तळं एका समितीला दिलं. अध्यक्ष येसाजी. पंधरा दिवसांत मासे वर आले, महिन्याभरात ते देवीचे झाले, आणि तळ्यावर पाटी लागली: 'मासे पकडण्यास सक्त मनाई.' नऊ बायकांना त्या हंगामात जाळं टाकायचं होतं.

अनुपमा पुन्हा भांडली नाही. तिने आभाळाकडे बघायला सुरुवात केली.

"वहिनी, मासे गुदमरतायत," जहांगीर म्हणाला. महाडात त्याचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. काढलेला एरेटर त्याच्याचकडे पडून होता.

"माहीत आहे. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळे मिळून तो संपवतात. पहाटे काही उरत नाही, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडतात. कुरमुरा गिळताना एक तरी दिसला का तुम्हाला? तो नुसता कुजतो, आणि कुजायलासुद्धा ऑक्सिजनच लागतो."

"मग सांगा ना येसाजीला!"

"कशाला? रविवारी आमदार दर्शनाला येणार आहेत. आभाळ असंच भरलेलं राहिलं, शेवाळाला ऊन मिळालं नाही, तर त्यांच्यासमोर मासे पोट वर करतील. मी पहिल्या रांगेत बसणार आहे."

जहांगीरने हातातल्या लोखंडी पान्याने कान खाजवला. "वहिनी, मेले तर समाधी बांधतील. दरवर्षी जत्रा भरेल. येसाजी आज अध्यक्ष आहे, उद्या पुजारी होईल."

हे पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हतं. अनुपमाने मनात हिशेब केला. मेलेले मासे येसाजीच्या उपयोगाचे होते. गुदमरलेलेही होते.

"भाई," ती म्हणाली, "तो धडधाकट माशांचं काय करेल हो?"

शुक्रवारी जहांगीर टेम्पो घेऊन येसाजीच्या दारात उभा राहिला. "येसाजीभाऊ, आमदार येतायत आणि तळ्यात साधं कारंजं नाही?"

येसाजीने टेम्पोत डोकावून बघितलं. तोच एरेटर होता. निळा रंग दिलेला, वर चार रंगीत दिवे. "मिक्सर तर नाय ना हा?"

"छे हो! मिक्सरला दिवे असतात का?"

"मग लाव."

"पण एकदा चालू केलं की बंद करायचं नाही. मोटर बसते."

दोन रात्री पाणी उडत राहिलं. रविवारी सहाला आमदार काठावर आले. येसाजीने हात पसरून हाक मारली, "या रे लेकरांनो!"

कोणी आलं नाही.

"मोठ्या मानसाला बुजले असतील," म्हातारी तुळजाबाई म्हणाली. येसाजीने ओंजळभर कुरमुरे टाकले. ते कारंज्याभोवती गोल गोल फिरले. अनुपमाच्या माशांना सकाळी दहाला जेवायची सवय होती. श्वासाची अडचण मिटल्यावर त्यांनी जुनं वेळापत्रक पुन्हा लागू केलं होतं.

"मासे आहेत ना नक्की?" आमदारांनी घड्याळ बघत विचारलं.

"हायत साहेब, शेकड्यांनी हायत!"

मागून कोणीतरी बोललं, "परवा याच्या दारात महाडचा टेम्पो कशाला आलावता?"

दुपारपर्यंत गावाचं ठरलं होतं: येसाजीने देवीचे मासे विकून खाल्ले. तुळजाबाईने त्याच्या घरचं पाणी प्यायचं सोडलं.

संध्याकाळी तो अनुपमाच्या ओटीवर आला. "सूनबाय, मासे हायत ना गो तळ्यात?"

"सगळे आहेत, काका."

"मग वर का नाय येत?"

"आता त्यांना दम लागत नाही. इतके दिवस ते तळमळत होते आणि तुम्ही त्यांना कुरमुरे दाखवत होता."

येसाजी खाली बसला. "गावाला तू सांग. तू शिकलेली हायस."

"ग्रामसभेत सांगितलं होतं. तुम्हीच मला खाली बसवलंत. आता गावाला डोळ्यांनी बघायचंय. त्याला दोनच रस्ते. आभाळ अजून भरलेलंच आहे; आज रात्री कारंजं बंद करा, उद्या सगळे वर येतील, पण मेलेले. नाहीतर जाळं टाका."

"देवीच्या माशांवर जाळं? गाव जित्ता ठेवील का मला?"

"देवी तुमच्याशीच बोलते ना? विचारा तिला." तिने वहीचं पान फाडलं. "ती काय म्हणेल ते मी लिहून देते."

गुरुवारी ग्रामसभेत येसाजीने आपलं स्वप्न सांगितलं. देवी म्हणाली होती, जाळं टाका. ते गटाच्या बायकांनीच ओढावं. धरलेला मासा परत सोडू नये, तो गटाचा. तळंही गटाचं. कारंजं बंद करू नये.

"देवी एवढं बारीकसारीक बोलली?" कोणीतरी विचारलं.

"दोनदा बोलली," येसाजी म्हणाला.

शनिवारी नऊ बायकांनी जाळं ओढलं. अख्खं गाव काठावर होतं. येसाजी स्वच्छ पांढरा सदरा घालून निर्दोष ठरायला आला होता. अनुपमाने जाळ्यातला सगळ्यात मोठा कटला दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पायाशी टाकला. मासा चांगला ताकदवान निघाला. त्याने शेपटीने येसाजीला गळ्यापर्यंत चिखलाने माखलं.

"लेकरू भेटलं तुमचं," अनुपमा म्हणाली. "नमस्कार करा, काका."

गाव बघत होतं. येसाजी त्या चिखलात गुडघे टेकून बसला.