काचेवरची रांगोळी

मनकर्णाबाईंच्या दारातल्यासारखी रांगोळी अख्ख्या पांढुर्ण्यात नव्हती, असं मनकर्णाबाई स्वतःच सांगत आणि खोटं सांगत नसत. पण यंदा गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली, तेव्हा सून उर्वशीनं दारापुढं रांगोळीचं स्टिकर चिकटवलं. बाईंना ते बघवेना. उर्वशी शाळेत शिकवायची. तिचा हात खडूवर चाले, रांगोळीवर नाही. आपली विद्या आपल्याबरोबरच जाणार, हे बाईंच्या मनानं घेतलं.

उर्वशीनंच एक दिवस आपला टॅब त्यांच्या पुढ्यात ठेवला. "यावर काढून पाहा आई. काही बिघडत नाही."

सवयीप्रमाणे बाईंनी चिमूट टेकवली. रेघ तर उमटलीच नाही, उलट काचेवरचा कागदच लहान झाला! मग एक बोट फिरवलं. मग कुठल्याशा खुणेला हात लागला आणि त्यांनी एक पाकळी ओढली, तर सात पाकळ्या आपोआप भोवती उमलल्या. बाईंनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"माय वो! हे कोन काढून राह्यलं?"

मग काय, खेळच लागला. आठाच्या सोळा पाकळ्या कर, मोराला आठ तोंडं आण, चुकलं की पुन्हा. पहिल्या दिवशी तर त्यांनी हळदकुंकूही वाहिलं आणि काच पिवळी झाली. रोज सकाळी मात्र त्या सगळं पुसून टाकत.

"आई, पुसून कायले राहिल्या? राहते ना ते!"

"शिळी रांगोळी दारात ठेवत नाई बाप्पा."

पाचव्या सकाळी पुसता पुसता बोट भलत्याच खुणेवर पडलं. रांगोळी नाहीशी झाली आणि पहिल्या ठिपक्यापासून पुन्हा उमटू लागली. ना हात, ना बोट. जिथं त्या अडखळल्या होत्या तिथं रेघही अडखळली. जन्मभर रांगोळीवर वाकलेल्या बाईंनी ती होताना अशी कधी पाहिलीच नव्हती. त्यांचे डोळे भरून आले.

"उर्वशी, ये वं! पाह्य, माहा हात!"

उर्वशीनं ते तीनदा पाहिलं आणि मगच ती शाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी खरवडण्याच्या आवाजानं बाईंना जाग आली. दारापुढचं स्टिकर निघालं होतं, सडा पडला होता. पाटावर टॅब, आणि समोर उकिडवी बसलेली उर्वशी उमटत्या रेघेमागं चिमूट सोडत होती. वळण पार वाकडं गेलं होतं.

"आई, हे थांबवा ना. मी मागं राहून राहिली."

बाईंनी खुर्ची ओढली, बोटानं रेघ थांबवली. "चिमूट घट्ट नको धरू. सोडत जाय."

उन्हं आली तेव्हा आठ पाकळ्या पुऱ्या झाल्या. पाच धड होत्या. उर्वशीनं हळदकुंकू वाहिलं, हात पुसले आणि टॅब उचलला.

"आता ही शिळी पुसू ना?"

बाईंनी टॅब तिच्या हातून काढून छातीशी धरला.

"राहू दे. उद्या लागन तुले."