तीन चिमटे

आमच्या पोरीला रडता येत नव्हतं असं नाही, पण रडायचा तिला कंटाळा होता. जन्मली तेव्हा एवढीशी, म्हणून नाव पडलं मुंगी, आणि ही मुंगी जणू झोपायलाच जन्माला आली होती. दूध पितापिता झोपायची, आंघोळीत झोपायची, लंगोट बदलताना झोपायची. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय गुणाचं बाळ आहे हो!" मलाही आधी बरंच वाटलं. मी शाळेत खेळ शिकवते. दिवसभर वांड पोरांच्या मागे शिट्टी फुंकत पळायचं. घरातलं एक तरी शांत निघालं, म्हटलं नशीब माझं.

नर्सबाईंनी ते नशीब पहिल्याच भेटीत धुऊन टाकलं. त्या आठवड्याला एकदा वजनकाटा घेऊन घरी यायच्या. मुंगीला काट्यावर ठेवलं तरी ती झोपलेलीच. नर्सबाईंनी चष्मा वर सरकवला.

"हे बघा बाई, बाळ झोपलं होतं म्हणून पाजायचं राहिलं, असं मला ऐकायचं नाही. असली अशक्त बाळं भुकेनं रडत नाहीत, आणखी झोपत जातात. रात्री तीनदा उठवायचं. कपडे काढा, तळपाय चोळा, ओलं फडकं लावा, काय वाट्टेल ते करा, पण उठवा."

त्यांची पाठ वळली आणि सासूबाई सुरू झाल्या. "झोपलेल्या लेकराला उठवतात का कुठं? भूक लागली की फोडेल टाहो. मी नाही वाढवली पोरं?"

"वाढवलीत ना आई. त्यातलंच एक माझ्या गळ्यात घातलंत, अजून हाका मारून उठवावं लागतंय."

सासूबाई हसल्या, पण मान काही हलवली नाही. त्यांच्या मते उठवणं म्हणजे छळ.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. इमारतीच्या माथ्यावर मोटरची खोली असते, तिथं मुख्य स्विचशेजारी खिळ्यांची रांग असते. खाली लिफ्टच्या पोकळीत कामाला उतरणारा माणूस आपला पत्र्याचा बिल्ला खिळ्याला अडकवून जातो. बिल्ला लटकतोय तोवर स्विचला कुणी बोट लावायचं नाही, आणि ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा. हाका मारायच्या नाहीत, विचारत बसायचं नाही. बिल्ला सांगेल ते खरं. या एका गोष्टीवर तो इतकी वर्षं हातीपायी धड घरी येतोय, त्यामुळे त्याचा बिल्ल्यावर देवासारखा विश्वास.

तीच पद्धत त्यानं घरात आणली. मुंगीच्या पलंगडीला पायाकडे कपड्यांचे तीन चिमटे लावले. रात्री ज्यानं पाजलं त्यानं एक चिमटा काढून उशाकडे लावायचा. मी अंगावर पाजायचं, त्यानं फ्रिजमधली माझ्याच दुधाची बाटली द्यायची. ज्याला जाग येईल त्यानं चिमटे बघायचे आणि दुसऱ्याला उठवायचं नाही. मला ही युक्ती फार आवडली. ज्या बाईच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही तिला काहीही आवडतं.

आणि युक्ती चालली! रोज सकाळी तिन्ही चिमटे उशाकडे. नवरा म्हणायचा, "तिन्ही वेळा तूच उठलीस? मला एखादी तरी पाळी ठेवायचीस." मी म्हणायचे, "राहू दे रे, तुला उंचावर चढायचं असतं." मला आठवायचंही नाही. अंधार, मांडीवरचा ऊबदार भार, आणि काय जोर त्या ओढण्याला! दिवसा मुंगी चार घोट घेऊन मान टाकायची आणि रात्री मात्र अशी तुटून पडायची की मला कळ यायची. सकाळी छाती रिकामी, हलकी. मी सासूबाईंना ऐटीत सांगितलं, "बघा, उठवलं की पिते." मुंगीचा लंगोट सकाळी कोरडा असायचा. मला वाटायचं त्यानं पहाटे बदलला, त्याला वाटायचं मी बदलला. चिमटे सांगत होते ना, पाजलंय म्हणून!

नर्सबाई पुन्हा आल्या, मुंगीला काट्यावर ठेवलं आणि आकडा बघितला. तिला उचललं, काटा झटकला, पुन्हा ठेवलं. वजन वाढायचं सोडा, घटलं होतं.

"रात्री पाजता?"

"तीनदा," मी म्हटलं.

"लंगोट किती ओले होतात रात्री?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.

"दोन दिवस देते," नर्सबाई म्हणाल्या. "नाही वाढलं तर सरळ दवाखान्यात भरती. नळीनं पाजावं लागेल. आणि तेव्हाही उशीर झालेला असू शकतो, स्पष्टच सांगते."

त्या गेल्यावर आम्ही कडाकडा भांडलो. तो म्हणाला तू अर्धवट झोपेत चिमटे सरकवतेस. मी म्हटलं मग माझं दूध काय मांजर पिऊन जातं? सासूबाई मधे पडल्या नाहीत. पहिल्यांदाच मुंगीला मांडीवर घेऊन त्या तिचे पाय चोळत बसल्या, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

त्या रात्री नवरा खुर्ची टाकून पलंगडीशेजारी बसला. मला म्हणाला, "तू झोप. मी बघतो." आणि मी झोपले, इतकी निर्लज्ज झोप मला आली.

मग नेहमीसारखंच. अंधार, मांडीवर भार, ओढण्याचा तो जोर. मी थोपटत होते, काहीतरी गुणगुणत होते. तेवढ्यात अगदी कानाजवळ नवऱ्याचा दबका आवाज आला.

"अगं, कुणाला पाजतेयस?"

"कुणाला म्हणजे? मुंगीला."

"मुंगी पलंगडीत आहे."

त्यानं दिवा लावला. मुंगी पलंगडीत, मूठ गालाशी, गाढ. मी पलंगाच्या कडेला बसलेली, छाती उघडी, हात कोपरात वाकवलेले आणि हातात काही नाही. पण भार होता! दिवा लागल्यावरही होता, मुंगीच्या दुप्पट तरी, चांगलं पोसलेलं अंग. ओढ थांबली नव्हती. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की त्यालाही काहीतरी कळतंय.

"आवाज येतोय," तो म्हणाला. "गिळण्याचा."

ओरडावं असं मला वाटलंच नाही, खोटं कशाला सांगू. आपल्या अंगावर पिणाऱ्या मुलाला कुणी भिऊन झटकतं का? मी फक्त हिशेब लावला. इकडे हे होतं, आणि तिकडे माझी पोर, जी मागत नव्हती म्हणून तिला मिळत नव्हतं. मी बोट घालून ते तोंड सोडवलं, रोज सोडवते तसं, आणि तो भार खिडकीजवळच्या कोपऱ्यात सतरंजीवर उतरवला. हात हलके झाले आणि कोपऱ्यातून रडणं सुरू झालं.

मुंगीला उठवायला त्या रात्री आमच्या नाकी नऊ आले. कपडे काढले, तळपाय चोळले, कपाळाला ओलं फडकं लावलं. तिनं एक डोळा उघडला आणि मिटला. नवरा नुसता तिचं नाव घेत होता, "मुंगे, ए मुंगे." अखेर तिनं तोंडात घेतलं, दोनदा ओढलं, थांबली. कोपऱ्यातलं रडणं वाढलं, तसा मला भरभरून पान्हा फुटला. त्या रडण्यानं फुटला, आणि तो मुंगीच्या घशात गेला. ती गिळायला लागली.

रडणं मला एकटीलाच ऐकू येत होतं, असं मी धरून चालले होते. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "रात्री कुणाचं लेकरू रडत होतं गं? आपलीचा आवाज नव्हता तो."

"शेजारचं असेल."

"जवळ घ्यावं की कुणीतरी," त्या म्हणाल्या आणि चहाला आधण ठेवायला गेल्या.

पुढच्या रात्रीपासून चिमटे बंद. दोघंही उठायचो, दिवा लावायचो. मुंगीला उठवलं की कोपऱ्यात सुरू व्हायचं. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी मैदानावरच्या आवाजात ओरडले, "गप! हे तुझं नाही!" ते खरंच गप झालं. मग दबून हुंदके द्यायला लागलं, रागावलेली पोरं देतात ना तसे. ते ऐकवत नव्हतं. मी मुंगीचं डोकं घट्ट धरून भिंतीकडे तोंड करून बसले आणि भडाभडा रडले. पण उठले नाही. एक घोटही त्याला दिला नाही.

मुंगी दवाखान्यात गेली नाही. काटा हलला, मग बऱ्यापैकी हलला. गालावर मांस आलं. एके दिवशी दूध द्यायला जरा उशीर झाला तर तिनं अशी काही बोंब ठोकली की सासूबाई हातातलं टाकून धावत आल्या, आणि आम्ही तिघं तिच्याभोवती उभे राहून वेड्यासारखे हसलो. नर्सबाई म्हणाल्या, "झालं तुमचं काम. आता उठवत बसू नका. ही बया स्वतःच तुम्हाला उठवेल."

कोपऱ्यातलं रडणं मात्र रोज बारीक होत गेलं होतं. आधी कुरकुर, मग नुसतं कण्हणं. नवऱ्याला मी काही सांगत नव्हते आणि तोही विचारत नव्हता.

काल रात्री मुंगी आपणहून उठली, दोन्ही बाजू रिकाम्या करून ढेकर देऊन झोपली. मी कान लावून बसले. कोपऱ्यात काहीच नाही.

"गेलं वाटतं," अंधारात नवरा म्हणाला. त्यालाही सगळं ऐकू येत होतं तर. "सुटलो एकदाचे. झोप आता."

तो झोपलाही. मी पडून राहिले. मोकळं वाटायला हवं होतं, पण वाटेना. शेवटी उठले, सतरंजीवर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी चाचपायला लागले. बराच वेळ काही लागेना. मग भिंतीच्या अगदी कडेला हाताला काहीतरी लागलं, अगदी हलकं, मुंगी जन्मली होती त्याहून हलकं. अजून कोमट होतं. मी ते मांडीवर घेतलं, ब्लाउज वर केला, त्याचे तळपाय शोधून चोळायला लागले.

"ऊठ ना रे बाळा," मी म्हटलं. "ऊठ. पिऊन घे."