चन्नवीर हजर आहे

शिवप्रियानं जुन्या लुगड्याची पट्टी दोनदा ओढून पाहिली. गाठ पक्की होती. एक टोक दोन वर्षांच्या चन्नूच्या कमरेला, दुसरं घराच्या मधल्या खांबाला. मधे इतकीच लांबी, की पोराला पाण्याच्या तांब्यापर्यंत, भाकरीच्या तुकड्यापर्यंत आणि उंबऱ्याबाहेरच्या ओट्यापर्यंत जाता यावं, पण चुलीपर्यंत जाता येऊ नये. कुसळगावच्या बायका ही लांबी वितीनं मापतात. सासू सुनेला शिकवते, सून पुढं आपल्या सुनेला. अणदूरच्या पुढं आत वळलं की लागणाऱ्या या गावात खुरपणीच्या दिवसांत सकाळी नऊनंतर पंधरा-वीस घरांत लेकरं अशी बांधलेली असतात. त्याला कुणी क्रूर म्हणत नाही. लेकरू विहिरीत पडू नये म्हणूनच तर बांधायचं.

"अव्वा," चन्नू आईला म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

"आले रं राजा. दुपारी अक्का येतीया तुला चारायला," शिवप्रिया म्हणाली आणि खुरपं घेऊन निघाली. सासू लक्ष्मम्मा पुढं गेलीच होती. नवरा मल्लेश सोलापुरात एका गोदामावर कामाला, रविवारीच घरी यायचा.

चन्नूची अक्का म्हणजे नऊ वर्षांची अक्षरा. गेलं अख्खं वर्ष तिनंच त्याला कडेवर वागवला होता. तिसरीचं नाव पटावर आणि पोरगी घरात. यंदा जूनमध्ये शिवप्रियानं हट्ट धरला, की चौथीला पोरगी रोज शाळेत जाईल. लक्ष्मम्मा चिडली होती. "पोरगी शिकून काय कलेक्टर होतीया? लेकराला कोण बघणार?" उत्तर म्हणून शिवप्रियानं लुगडं फाडलं.

आता मुद्द्याचं सांगतो, आणि रागानं सांगतो. या गावात पाळणाघर होतं.

होतं म्हणजे, सरकारनं दिलं होतं. अंगणवाडीला लागून पक्की खोली, वर पंखा, भिंतीवर रंगवलेला मोर. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची लेकरं सकाळी सोडावीत, संध्याकाळी न्यावीत, मधे त्यांना जेवण, झोप, गाणी, खेळणी. तुमच्याआमच्या करातून आलेला निधी. चालवायला मिळालं गावचे बडे जमीनदार शरणबसप्पा, म्हणजे गावाचे अप्पा, यांच्या संस्थेला, कारण गावात काहीही आलं की ते शरणबसप्पांच्याच ओसरीवर उतरतं. उद्घाटनाला सगळ्या आयांनी लेकरं न्हाऊमाखू घालून आणली. फोटो निघाले, आधार कार्डं घेतली, अंगठे घेतले. आठवड्यानं दाराला कुलूप लागलं. लाकडी घोडे आणि झोपाळा शरणबसप्पांच्या नातवंडांकडं गेले. खोलीत खताची पोती आली.

एकदा बायकांनी विचारलं, तर शरणबसप्पांनी पान थुंकून उत्तर दिलं होतं, "लेकरं संभाळणं आईचं काम हाय. सरकारला काय थान फुटल्यात व्हय?" बायका लाजून परत आल्या. त्यातल्या निम्म्या त्यांच्याच रानात खुरपायला जायच्या, त्यामुळं लाज जरा जास्तच वाटली.

जुलैच्या सतरा तारखेला दुपारच्या सुट्टीत अक्षरा पळत घरी आली. रोज यायची तशीच, डब्यातली खिचडी चन्नूसाठी राखून. चन्नू उंबऱ्याबाहेर ओट्याखाली लोंबत होता. आईमागं जायला म्हणून तो ओटा उतरायला गेला असावा. कमरेची पट्टी वर, गळ्यापाशी सरकली होती आणि ओटा लेकराच्या उंचीपेक्षा टीचभर जास्त होता. खिचडी अंगणात सांडली. अक्षराचा आवाज तीन रानांपलीकडं ऐकू गेला.

चौकीत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. चन्नूला मळ्यातल्या लिंबाखाली पुरलं. शरणबसप्पा मातीला आले होते. खड्ड्यापाशी उभं राहून म्हणाले, "आईनं जरा ध्यान द्याया पायजे हुतं." आणि घरी लक्ष्मम्मा चुलीपुढं बसून पुन्हापुन्हा एकच म्हणत राहिली, "पोरगी साळंत गेली आन् माजं लेकरू गेलं. शिवा शिवा, ह्या पोरीनं खाल्लं त्याला."

अक्षरानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं दप्तर माळ्यावर टाकलं. कुणी जा म्हणालं नाही आणि कुणी थांब म्हणालं नाही. ती जेवेना. शिवप्रियाला वाटलं, एक पोर मातीत गेलं, दुसरं घरात बसून चाललंय. आपणच गाठ मारली, हे तर तिला दिवसातून शंभर वेळा आठवत होतं.

बाराव्या दिवशी दुपारी अयोध्या आली. पाळणाघराची सेविका हीच, निदान कागदावर. नवऱ्यानं टाकलेली, एका मुलीची आई, शरणबसप्पांच्या शब्दावर नोकरी टिकलेली. हातात निळ्या पुठ्ठ्याची वही होती.

"शिवप्रिया, लई वाईट झालं गं," ती म्हणाली. "मला बोलाया तोंड न्हाय. पण परवा तालुक्याच्या मॅडम तपासणीला येणार हायत. ह्या टायमाला आईची सही बी लागती. तेवढी कर."

शिवप्रियाला वाचता येत नव्हतं, सहीपुरती अक्षरं येत होती. ती वहीवर वाकली. मागून अक्षरा पुढं आली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी मोठ्यानं बोलली.

"चन्नवीर मल्लेश. एक तारीख, हजर. दोन, हजर. तीन, हजर..."

"ए पोरी, वही मिट," अयोध्या पुटपुटली.

"...सोळा, हजर. सतरा, हजर. अठरा, हजर. एकोणीस, हजर." अक्षरा थांबली. "अव्वा, सतराला तर चन्नू..."

अयोध्यानं डोक्याला हात लावला. तिची रीतच तशी होती. महिन्याच्या एक तारखेला बसायची आणि तीस-एकतीस रकाने एका दमात भरून टाकायची. रोज कुलूपबंद दाराशी जाऊन कोण भरणार? मेलेलं लेकरू महिनाअखेरपर्यंत हजर राहिलं, ते असं.

शिवप्रिया रडली नाही. चेहरा शांत झाला, इतका की अयोध्या घाबरली. "पानाचं नाव काय गं, अक्षरा?"

"पाळणाघर लाभार्थी हजेरी."

"म्हंजी माझ्या लेकराला तितं जागा होती," शिवप्रिया सावकाश म्हणाली. "आन् त्या जागंवर अप्पांची खताची पोती निजली हुती."

तिनं सही केली नाही. वहीही ठेवून घेतली नाही. "ने," ती म्हणाली. "परवा मॅडमच्या टेबलावर हीच वही ठेव. पान फाडलंस, तर तुझ्या लेकीच्या डोळ्यात बघून सांग, का फाडलं."

त्या रात्री शिवप्रिया गावात एकेका घरी गेली आणि एकेका आईला एवढंच म्हणाली, "परवा कामाला जाऊ नका. लेकराची पट्टी सोडा आन् पट्टी घिऊन या."

तपासणीच्या सकाळी पाळणाघर चकाचक झालं. पोती मागच्या पडवीत गेली, घोडे परत आले, कुणाकुणाची बारा लेकरं सतरंजीवर बसवली. पंखा फिरत होता, तरी खोलीला खताचा वास येत होता. मॅडमनी रुमाल नाकाला लावला. शरणबसप्पा नारळ, शाल घेऊन तयारच होते.

दारातून शिवप्रिया आत आली. एका हाताला अक्षरा, दुसऱ्या हातात ती पट्टी.

"काय पाहिजे?" मॅडमनी विचारलं.

"लेकराला न्यायला आले. चन्नवीर. वहीत हजर हाय. द्या."

शरणबसप्पा पुढं सरसावले. "मॅडम, ही बाई दुःखानं येडी झालीया. पोर घरातच मेलं हिचं. बांधून गेली हुती."

"व्हय," शिवप्रिया म्हणाली. "म्या बांधलं. माझ्या हातानं गाठ मारली. मरंपर्यंत ती गाठ माझ्या हातातून सुटणार न्हाय. माझा गुन्हा म्या सांगितला. आता तुमचा तुमी सांगा, अप्पा. वही खरी असंल, तर माझं पोर सतरा तारखेला तुमच्या ताब्यात हुतं. मला ते परत द्या. आन् वही खोटी असंल, तर मॅडमसमोर म्हणा, खोटी हाय."

मॅडमनी वही उघडली. अक्षरानं बोट ठेवून पान दाखवलं आणि वाचलं, न अडखळता, शाळेत धडा वाचावा तसं. मॅडम वाचत गेल्या आणि त्यांचा रुमाल खाली आला.

शरणबसप्पांच्या कपाळावर घाम आला. वर्षानुवर्षं गावाला उत्तरं देणारा माणूस, त्याला दोनच वाटा उरल्या होत्या आणि दोन्ही खड्ड्यात जात होत्या. त्यांनी तिसरी शोधली. "ह्या अयोध्यानं भरली वही! मला काय ठावं? हिला आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

अयोध्या उभी राहिली. पदराची गाठ सोडून तिनं किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "भरली म्याच. मॅडम, माझ्यावर बी लिवा. पण दीड वर्षाच्या वह्या अप्पांच्या माडीवर हायत, समद्या एका शाईच्या. आन् पडवीत जाऊन बघा, पोती अजून हायत."

बाहेरून बांगड्यांचा आवाज आला. वीस-बावीस बाया कडेवर लेकरं घेऊन उभ्या होत्या. सगळ्यात पुढं म्हातारी सिताबाई, तिच्या नातीच्या कमरेवर पट्टीचा वळ होता. एकेकीनं आपली पट्टी पाळणाघराच्या खिडकीच्या गजाला बांधली. लाल, हिरवी, विटकी, दंड घालून शिवलेली. कुणी घोषणा दिली नाही. गाठ मारायची आणि बाजूला व्हायचं.

मॅडमनी पंचनामा लिहायला घेतला. लिहिता लिहिता म्हणाल्या, "या बाळाचं नाव मी पटावरून कमी करते. तुम्हाला त्रास नको."

"खोडू नका!" शिवप्रियाचा आवाज पहिल्यांदा चढला. "नाव तसंच राहू द्या. कोर्टात तोच माझा साक्षीदार हाय. सतरा तारखेला हजर, अठराला हजर. अप्पा आत जाईपर्यंत त्यो हजरच राहणार."

दुपारी शरणबसप्पांचा माणूस घरी आला. तक्रार पुढं न्यायची नाही, बदल्यात मल्लेशला गावातच कायमचं काम, अक्षराच्या लग्नाचा भार, वर माफीही. मल्लेश सोलापुरातून आला होता, तो बायकोकडं बघू लागला. शिवप्रिया भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अप्पांना सांगा, मला माफी द्यायची न्हाय. देवळात जाऊन मागा. मला त्यांचा फोटो पेपरात पायजे, हातात बेडी घातलेला."

माणूस गेल्यावर लक्ष्मम्मा उठली. गुडघ्यावर हात टेकत तिनं माळ्यावरून दप्तर काढलं, पदरानं धूळ पुसली आणि अक्षराच्या पुढं ठेवलं.

"तू वाचलंस म्हणून कळलं," ती म्हणाली. "तू न्हाय खाल्लं त्याला. उंद्या साळंत जा."

फिर्याद दाखल झाली आहे. खटला उभा राहील, तारखा पडतील, शरणबसप्पा वकील लावतील. शिवप्रिया प्रत्येक तारखेला पट्टी घेऊन जाणार आहे. आणि वाचकहो, हा पेपर घडी करण्याआधी एवढं करा. तुमच्या गावच्या पाळणाघरापर्यंत चालत जा, दाराला कुलूप आहे का बघा आणि हजेरीची वही मागा. कुलूप असूनही वहीत लेकरं हजर असतील, तर ती आत्ता कुठल्यातरी खांबाला बांधलेली आहेत. तिथून गुपचूप परत आलात, तर दुसरी गाठ तुमची.