कोऱ्या पंचनाम्यावरची सही

दिवेलागणीला सायकलला दिवा नाही म्हणून लालबागच्या नाक्यावर हवालदाराने कोंडीराम पानवाल्याला अडवलं, तेव्हा कोंडीराम नुसता हसला. पोलीस म्हणजे त्याच्या घरचेच की! गेली आठ वर्षं आसपास कुठे झडती झाली की पंच म्हणून त्यालाच बोलावणं यायचं. तो जायचा, कोऱ्या कागदाच्या तळाशी सही ठोकायचा आणि परत पानं लावायला बसायचा. बदल्यात त्याच्या फुटपाथवरच्या ठेल्याला कुणी हात लावत नसे.

पण हा हवालदार नवा होता. "पिशवीत काय आहे? दाखव."

"दिव्याचा दंड घ्या, साहेब. पिशवी उघडायची तर आधी दोन पंच आणा. कायदा आहे तसा." आठ वर्षांत एवढा एकच कायदा त्याला पाठ झाला होता.

"मला कायदा शिकवतोस? काल ट्रामवर दगड पडलेत. संयुक्त महाराष्ट्रवाला एक तरी माणूस आज आत घालायचाय मला." हवालदार भडकला, पण नाक्यावर माणसं जमली होती. त्याने समोरच्या सलूनमधून जगदीश न्हाव्याला बोलावलं आणि पिशवी न उघडताच कोरा कागद त्याच्यापुढे धरला. "कर सही. काय सापडलं ते मी मागाहून लिहितो."

जगदीशने पेन घेतलं. कोंडीरामने त्याचा हात धरला. पिशवीत विड्याची पानं नि नातीचं झबलं होतं, पण कागदावर दगड निघाले की संपलं सगळं! "अरे जगदीश, आधी बघ तरी!"

"दादा, तुम्हीच सांगितलंत ना, पंचाने बघत बसायचं नसतं म्हणून," जगदीश पुटपुटला.

तेवढ्यात गर्दीतून रखमा पुढे आली. कोंडीरामच्याच सहीवर तिचा नवरा कुशाबा सहा महिन्यांसाठी तुरुंगात गेला होता. आता ही सूड उगवणार, आणि का उगवू नये? कोंडीरामने मान खाली घातली.

"दुसरी पंच मी," ती हवालदाराला म्हणाली. "पिशवी उघडा, सगळ्यांदेखत. निघेल तेच लिहा, मग अंगठा देते."

गर्दी जवळ सरकली. हवालदाराने चिडून पिशवी रस्त्यावर उलटी केली. पानं पसरली, वर झबलं पडलं. त्याने दिव्याच्या दंडाची पावती फाडली आणि चालता झाला.

कोंडीरामला रडू फुटलं. "वहिनी, तुमचे उपकार..."

रखमाने झबलं उचललं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं. "भावजी, आमच्या ह्यांच्या पिशवीत पण जेवणाचा डबाच होता. तुम्ही तेव्हा नुसतं उघडून बघायचं होतंत."