एका वाघिणीवर सासरे-जावई

सासऱ्यांच्या ट्रकचा उजवा दिवा फुटला. तो फुटलाच नाही, असं सासरे-जावई दोघांनी सहीनिशी लिहून दिलंय, त्यामुळे आपणही तो शाबूत आहे असंच धरून चालू.

मालकाने पहिल्यांदाच माल भरलेले ट्रक मालगाडीवर चढवले होते. एका लांब वाघिणीवर, म्हणजे मालगाडीच्या उघड्या डब्यावर, पुढे जावयाचा ट्रक, मागे सासऱ्यांचा, मध्ये दोन वितींची जागा. जावयाच्या ट्रकात तीनशे चाळीस कमोड. एकाचाही टवका उडाला तर पुन्हा सगळं रस्त्यानेच, असं मालकाने बजावलं होतं. रस्त्याने म्हणजे महिन्यातून चार दिवस घर. जावयाची मुलगी हल्ली त्याला ‘अहो काका’ म्हणायची.

सासऱ्यांना हा प्रकारच पटला नव्हता. “ट्रकने सामान वाहावं. स्वतः सामान व्हायचं नसतं!”

नियम दोनच. केबिनबाहेर पाय ठेवायचा नाही, कारण डोक्यावर विजेची तार. आणि चाकांमागच्या लाकडी पाचरींना हात लावायचा नाही. गाडीने शिट्टी दिली. जावई बारा वर्षांच्या सवयीने खाली उतरला, दोन्ही पाचरी काढून शेजारच्या सीटवर ठेवल्या आणि निघायला तयार होऊन बसला.

गाडी निघाली. मग त्याने सीटकडे पाहिलं.

थोड्याच वेळात चढ लागला. हँडब्रेक कण्हला, ट्रक बोटभर मागे सरकला. जावयाने ब्रेकवर दोन्ही पाय रोवले. फोन वाजला.

“जावईबापू, तुमचे कमोड माझ्या अंगावर का यायला लागलेत?”

“मामा, पाचरी निघाल्यात.”

“कुठे गेल्या?”

“कुठे नाही. माझ्याजवळच बसल्यात.”

 इंजिन सुरू केलं असतं तर गार्डला कळलं असतं; ते बंद, त्यामुळे ब्रेकची हवा उतरत चालली होती. काटा लाल पट्ट्यात शिरला. ट्रक आणखी बोटभर सरकला.

“गार्डला सांगू?” सासऱ्यांनी विचारलं.

गार्डला सांगितलं की गाडी थांबणार, आणि मालकाचं हे रेल्वेचं खूळही तिथेच संपणार. सासऱ्यांना तर तेच हवं होतं. जावयाच्या पोटऱ्यांत गोळे आले.

“काल नात मला विचारत होती,” सासरे म्हणाले, “आजोबा, ते काका जेवायला थांबणार आहेत का?”

“मग?”

“मग काय, टेका. माझ्या पाचरी जागेवर आहेत. पण सावकाश. आपटलात तर लेक माहेरी घेऊन जाईन.”

जावयाने ब्रेक केसाकेसाने सोडला. बोटभर. आणखी बोटभर. मागे खळ्ळकन आवाज झाला.

“मामा! काय फुटलं?”

“काही नाही. तुम्ही पुढे बघा.”

चाळीस मिनिटं जावई सासऱ्यांना टेकून होता. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तीनशे चाळीस कमोड धडधाकट उतरले. मालकाला द्यायच्या अहवालात ‘सूचना’ असा रकाना होता. जावयाने पेन उचललं, ते सासऱ्यांनी काढून घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं:

‘सदर मार्ग मालवाहतुकीस सर्वस्वी योग्य आहे. तरी पुढील फेरीपूर्वी मार्गातील सर्व चढ सपाट करून मिळावेत, ही नम्र विनंती.’