एका कार्डावरचं विशेषण

डॉक्टरांच्या कोटाची बटणं एक घर चुकली होती. समोर उभी केलेली आठ वर्षांची मुलगी टक लावून तिकडेच बघत होती. डॉक्टर म्हणत होते, ठोकळे मोज. तिची नजर बटणांवरच. शेवटी त्यांनी टाक उचलला आणि तिच्या कार्डावर मला लिहिलं.

मी 'इम्बेसाइल' बोलतोय. इंग्रजीतलं एक जुनं विशेषण. पूर्वी माझा अर्थ साधा होता, अशक्त. आधाराला काठी नसलेला, असंही माझं मूळ सांगतात. पुढे शहाण्या माणसांनी मला शरीरावरून उचललं आणि बुद्धीवर नेऊन बसवलं. मंदबुद्धी. मग मी भांडणातली शिवी झालो, आणि डॉक्टरांच्या पुस्तकांतून मला गुपचूप काढून टाकलं.

या कार्डावरून मात्र कुणी काढलं नाही. मुलीला मंदबुद्धी मुलांच्या संस्थेत ठेवलं, आणि तिथे दरवर्षी नवं कार्ड व्हायचं. जुनं शेजारी ठेवून कारकून ते उतरवून काढायचे. मुलीला पुन्हा बोलावणं नाही, काही विचारणं नाही. "डॉक्टरांचं अक्षर काय सुरेख होतं," एवढंच कौतुक. अशी बावन्न कार्डं झाली. मुलगी धोबीखान्यात लागली, तिथेच तिचे केस पिकले.

आज तिची भाची आली आहे, तिला घरी न्यायला. वारलेल्या आईच्या कागदांत तिला इथला पत्ता सापडला. कॉलेजात शिकलेली, पण दार वाजलं तरी दचकणारी. कार्ड तिच्या हातात आहे, आणि त्यावर मी.

"हा शब्द... म्हणजे नक्की काय?"

"जुना आहे हो. आता कुणी वापरत नाही," कारकून म्हणाले.

"मग मावशी अजून इथे का?"

कारकुनांनी चष्मा पुसायला घेतला.

तेवढ्यात धोबीखान्यातून हाक आली. "टोक धरा गं कुणीतरी."

"तुमची मावशीच. रोजच ओरडते ती. लक्ष नका देऊ."

ओली चादर एकटीला पिळता येत नाही, म्हणून ती हाक मारते. इतकं साधं आहे. पण मी कार्डावर असल्यामुळे तिच्या बोलण्यात काही अर्थ असेल असं कुणाला वाटलंच नाही. वाचकहो, मला शब्दकोशात पडून राहू द्या. माणसाच्या नावापुढे नका बसवू.

"धरता का कुणी?"

भाचीने कार्ड टेबलावर पालथं टाकलं. आता मला काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतंय. चपलांची घाई, मग दाराशी तिचा धाप लागलेला आवाज.

"आले, मावशी. कुठलं टोक धरू?"