खारवलेली हवा

सत्तावन साली रशीदशेटला सरकारी खात्याला दोन जिनसा विकायच्या होत्या: एक हवा, आणि दुसरी म्हणजे जिथे हवा नाही अशी जागा. दोन्ही फुकट मिळणाऱ्या. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर त्याचा बर्फाचा कारखाना, आणि बर्फवाल्याचा निम्मा माल गिऱ्हाइकाच्या दारी पोचेपर्यंत वाटेतच गळून जातो. न वितळणारा माल आयुष्यात पहिल्यांदाच हाताशी येत होता. नफा असा: तीन वर्षांचं कंत्राट, महिन्याला ठरलेली रक्कम, आणि दारावर ‘सरकारमान्य’ अशी पाटी. पाटीचे पैसे मिळणार नव्हते, पण जीव जास्त तिच्यातच अडकला होता.

कारखान्याला लागूनच खात्याने एक खोली थाटली होती. मच्छीमारांच्या लाँचींवर बसवायचे वायरलेस संच तिथे तपासायचे. संचाच्या पेटीत आधी दाबाची कोरडी हवा सोडायची, म्हणजे धूळ आणि ओल निघून जाते. मग पेटी काचेच्या घुमटाखाली ठेवून पंपाने सगळी हवा ओढून घ्यायची, म्हणजे ती कुठे फुटकी आहे ते कळतं. हवा दाबायचं यंत्र आणि ओढायचा पंप, दोन्ही रशीदशेटने आणून आपल्या इंजिनाला जोडायची. त्यासाठी बायकोच्या, हाजराबीच्या, सोन्याच्या पाटल्या सोनाराकडे गहाण पडल्या.

“अवो, जन्नतचं लगीन शिमग्यानंतर कधीपण ठरंल. लेकीच्या लग्नात मी काय हातात हवा घालून मिरवू?”

“कंत्राट पक्कं झालं की दुसऱ्या दिवशी सोडवून आणतो.”

“आणि नाय झालं तर?”

रशीदशेट यंत्रं बघायला कारखान्यात निघून गेला.

खोलीचे प्रमुख नाडकर्णी साहेब मुंबईहून आलेले, बायकोमुलं पुण्याला. पुण्याच्या बदलीचा अर्ज त्यांनी रुजू झाल्याच्या दिवशीच टाकला होता. तोवर दुपारचं जेवण रशीदशेटकडे.

“दाबलेल्या हवेला पाणी सुटतं,” साहेब सुरमईचा काटा काढत म्हणाले. “वाटेत एक पिंप ठेवून त्यात कॅल्शियम क्लोराइड भरा. ते पाणी शोषून घेतं. मुंबईहून मागवावं लागेल.”

“ही काय चीज असते, साहेब?”

“एक प्रकारचं मीठच.”

मीठ, आणि मुंबईहून मागवायचं! मिरकरवाड्याच्या माणसाने! शेजारी गंगारामची मासे खारवायची वखार होती. रशीदशेट ताटावरून उठला तो थेट तिकडेच गेला.

“बांगड्यांतून उतरलेलं मीठ पडलंय ढीगभर,” गंगाराम म्हणाला. “बांगडा सुकवलान त्यानं, हवा काय सुकवणार नाय?”

“वापरलेलं ना रे ते?”

“म्हणजे अनुभवी झालं, शेट. म्हणून तर नव्याचाच भाव लावतोय.”

साहेबांनी पिंपात डोकावून पाहिलं. नाक मुरडलं, पण ताटात सुरमईची दुसरी तुकडी पडली तेव्हा म्हणाले, “चालेल. तात्पुरतं.”

माघ-फाल्गुनात वारा कोरडा, सगळं सुरळीत चाललं. फक्त खोलीभोवती मांजरं वाढली. मग वैशाखात समुद्रावरून दमट वारा सुटला, आणि कंत्राट पक्कं करायला मुंबईचे मोठे साहेब आले ते पांढऱ्या सुटात.

इंजिन सुरू झालं. नाडकर्णींनी तोटी सोडली. पिंपातल्या मिठाचं केव्हाच पाणी झालं होतं. ते फवारा होऊन आधी संचात आणि मग मोठ्या साहेबांच्या कोटावर उडालं.

“नाडकर्णी, हा वास कसला?”

“समुद्राचा, सर.”

संच तसाच भिजलेला घुमटाखाली गेला. पंप घरघरला. घुमटातला दाब दाखवणारा काटा थोडा हलला आणि अडून बसला. भिजल्या संचातून वाफ निघतच राहिली. पंप ओढी तेवढी ती पुन्हा भरे. रशीदशेटची नजर काट्यावरून ढळेना. काटा उतरला तर पाटल्या आल्या, एवढाच हिशेब डोक्यात. खिडकीतून गंगारामने विचारलं, “शेट, आणखी दोन पोती घालायची काय?”

काटा उतरला नाही. मोठे साहेब निघून गेल्यावर रशीदशेट उसळला. “चालेल म्हणून तुम्हीच सांगितलंत! मी वर लिहून कळवतो.”

“कळवा की,” नाडकर्णी शांतपणे म्हणाले. “मिठाचं नाव निघालं तर बिघडलेल्या संचांची किंमत तुमच्याकडून वसूल होईल. मी वाऱ्याचं नाव लिहितोय. वाऱ्याकडून वसुली करता येत नाही.”

रशीदशेटने कळवायचं सोडून दिलं. रत्नागिरीचा खारा वारा नाजूक यंत्रांना मानवत नाही असा अहवाल गेला, आणि कंत्राट बारगळून खोली पुण्याला हलली. खोलीबरोबर नाडकर्णीही.

तर हलवाहलवीचा आणि संचांचा खर्च सरकारने सोसला, म्हणजे तो कुणाच्याच खिशातून गेला नाही. नाडकर्णींना पुणे मिळालं. गंगारामला मिठाचे पैसे आधीच पोचले होते. यंत्रं भंगाराच्या भावाने गेली, त्यात इंजिनाच्या तेलाची उधारी फिटली. रशीदशेटचं एवढ्यावरच भागलं. पाटल्यांवरचं कर्ज मात्र व्याजासकट पाटल्यांच्या किमतीच्या वर गेलं, आणि पावसाच्या तोंडावर सोनाराने त्या मोडून घेतल्या. सगळ्यांचं देणं हाजराबीने भरलं, आणि पावती तिला कुणी दिली नाही.